इनटेक व्हॉल्व्ह उशिरा का मिटतो?

सध्या मोबाईलवर एका प्रकारचे व्हिडिओ फार फिरतात. गाडी जागेवर उभी, इंजिन अडखळत ढग-ढग करतंय आणि खाली कौतुक, ‘भावाने कॅम टाकलाय!’ बघणाऱ्याचा समज असा होतो, की कॅमशाफ्ट बदलला की ताकद वाढते आणि इंजिन जितकं अडखळेल तितकी जास्त. पण कॅमशाफ्ट ताकद निर्माण करत नाही. इंजिनाला दम कोणत्या वेगाला मिळावा, एवढंच तो ठरवतो.

एका बाजूला फुगवटा असलेल्या चकत्यांचा हा दांडा. पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की याचा एक. फुगवटा खाली आला की व्हॉल्व्ह (झडप) 8–10 मिलीमीटर उघडतो. शाळेच्या पुस्तकात पिस्टन तळाला पोचतो आणि नेमका तेव्हाच हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह मिटतो. खऱ्या इंजिनात तो तसा मिटत नाही, आणि सगळी मजा इथेच आहे.

6000 आरपीएमला, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मिनिटाला 6000 फेऱ्यांना, पिस्टनला वरून खाली यायला 5 मिलीसेकंद लागतात. तेवढ्यात सिलिंडर भरायचा. हवेलाही वजन असतं. एकदा धावत सुटली की ती पिस्टनसाठी थांबत नाही. दादरला डबा भरला तरी मागचा लोंढा आत रेटतच राहतो ना, तसं. म्हणून पिस्टन तळ ओलांडून वर यायला लागला, तरी क्रँकच्या मापाने आणखी 40 ते 60 अंश व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. हवा स्वतःच्या वेगाने आत घुसत राहते. रेसिंगचा कॅम व्हॉल्व्ह याहून उशिरा मिटवतो.

मात्र 1500 आरपीएमला हवा मंद असते, तिला रेटा नसतो. तोच उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह असेल तर वर येणारा पिस्टन आत आलेली हवा परत बाहेर ढकलतो. पिकअप गेलाच! दुसऱ्या टोकाला, जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटण्याआधीच इनटेक उघडतो. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असण्याच्या या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. जास्त वेगात बाहेर पळणारा धूर ताज्या हवेला मागे ओढून घेतो. आयडलिंगला, म्हणजे इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना, उलटं होतं, जळका वायू इनटेकमध्ये शिरतो आणि मिश्रण धड पेटत नाही. व्हिडिओतली ढग-ढग ती हीच. शिवाय इनटेकमधला व्हॅक्यूम घटतो. ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टर त्यावरच चालत असल्याने पेडलही कडक लागू शकतं.

या पेचावर होंडाने 1989 मध्ये इंटेग्रा गाडीत व्हीटेक आणलं. एकाच दांड्यावर दोन तऱ्हेचे फुगवटे. वेग वाढला की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि मोठा फुगवटा कामाला लागतो. 1.6 लिटरमधून 160 अश्वशक्ती, तीही 7600 आरपीएमला आणि टर्बोशिवाय! साधं व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत बहुधा फुगवटा तोच राहतो, कॅम फक्त पुढे-मागे फिरतो.

हे पुढे-मागे करणं ॲडजस्टेबल कॅम पुलीने हातानेही जमतं. इनटेक कॅम पुढे घेतला तर व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि कमी वेगाला ओढ वाढते; मागे नेला तर वरच्या आरपीएमला. कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. पुलीला समजा 40 दात असतील, तर क्रँकवरून कॅम फिरवणारा बेल्ट एक दात चुकला की कॅम 9 अंशांनी सरकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने 18! नवा कॅम टाकला की स्प्रिंगही बघाव्या लागतात, नाहीतर वरच्या वेगाला व्हॉल्व्ह फुगवट्याची साथ सोडून तरंगतो. ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, इंधन आणि स्पार्कचं गणितही नव्याने मांडावं लागतं, कारण सिलिंडर किती भरतो हेच बदललेलं असतं. स्पार्क गरजेपेक्षा लवकर पडला तर नोकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) होऊन पिस्टनलाच भोक पडू शकतं.

एवढी उठाठेव नको म्हणून काही जण पेट्रोलचे रेणू ‘सुटे’ होऊन ते चांगलं जळेल या आशेने पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवतात. रेणू त्या चुंबकाने ‘सुटे’ होत नाहीत, हलका होतो तो खिसा. आणि रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगे फेरफार करायला आपला मोटार वाहन कायदा परवानगी देत नाही. हा खेळ ट्रॅकवरचा.

तिथेही बेल्ट चढवल्यावर जाणता मेकॅनिक लगेच चावी फिरवत नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवतो. मध्येच कुठे कडक अडलं तर जोर न लावता थांबतो आणि कॅम आणि क्रँकवरच्या खुणा पुन्हा जुळवतो, कारण तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो.