धाप म्हणजे म्हातारपण नव्हे

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फिरताना हमखास कानावर पडतं, "साठी उलटली, आता धाप लागायचीच!" हा समज घातक आहे.

श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू. तो हलवणारी नस मानेतून निघून छातीतून खाली उतरते. वयाबरोबर तिच्या काही चेतापेशी गळतात, श्वासपटलाची ताकद घटते, हे खरं. पण शांत श्वासाला त्या ताकदीचा लहानसाच वाटा लागतो. ती कमी पडते जोरात खोकताना. माझ्या आईचा कफ घशाशी येतो, सुटत नाही. म्हातारपणी न्यूमोनियाची भीती वाढते त्याचं हे एक कारण.

एका मजल्यावरच आई कठडा धरून थांबायला लागली, तेव्हा आम्हीही वयालाच बोल लावला. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं. हृदय, फुप्फुसं, रक्तक्षय. आधी हे तपासून घ्या.