लॅक्स्टन

लॅक्स्टन : इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील एक लहान खेडे. ऑलर्टनच्या पूर्वेस, जड चिकणमातीच्या प्रदेशात वसलेले. मध्ययुगीन ‘खुल्या शेतां’ची पद्धत (कुंपण नसलेल्या मोठ्या शेतात अनेक शेतकऱ्यांचे विखुरलेले पट्टे) आणि तिचा कारभार पाहणारे मॅनरचे, म्हणजे सरंजामी जहागिरीचे, न्यायालय (कोर्ट लीट) ही दोन्ही एकत्र टिकून राहिल्यामुळे कृषि-इतिहासात या गावाला महत्त्व आले. 1086 च्या डूम्सडे या राजाज्ञेने केलेल्या जमीन-पाहणीच्या नोंदवहीत गावाचा उल्लेख आहे. गावाच्या उत्तरेला नॉर्मन गढीचा उंचवटा असून सेंट मायकेल चर्चही मध्ययुगीन आहे.

खुल्या शेतांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अँग्लो-सॅक्सन वसाहतकारांनी ही पद्धत सोबत आणली, असे इतिहासकार एच. एल. ग्रे याने 1915 मध्ये मांडले. लॅक्स्टनचाच अभ्यास करणाऱ्या ऑर्विन दांपत्याने (1938) नांगरटीवर भर दिला : बैलांची लांब जोडणी वारंवार वळवणे अवघड, म्हणून लांबट पट्टे पडले आणि सामाईक नांगरटीतून ते वाटले गेले. इतिहासकार जोन थर्स्क हिने 1964 मध्ये यास हरकत घेतली. तिच्या मते विखुरलेले पट्टे, सामाईक चराई आणि गावसभेचे नियम ही अंगे वेगवेगळ्या काळी जुळत गेली व पूर्ण रूप बहुधा बाराव्या-तेराव्या शतकांत आले. मिडलँड्स या मध्य इंग्लंडमधील प्रदेशातल्या पुरातत्त्वीय पाहणीनंतर पट्ट्यांची आखणी साधारण आठव्या ते दहाव्या शतकांपर्यंत मागे नेण्याकडे कल आहे. टप्प्याटप्प्याने घडणीची कल्पना मात्र त्यामुळे बाद होत नाही.

लॅक्स्टनपुरता भक्कम आधार म्हणजे मार्क पिअर्स याने 1635 मध्ये केलेला नकाशा. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक पट्टा कोणाचा हे तर कळतेच, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी माणसेही चितारलेली आहेत.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी बहुतेक गावांची खुली शेते कुंपणबंद होऊन वेगवेगळ्या खाजगी शेतांत वाटली गेली. येथे ते काम अर्धवट राहिले. मोठ्या जमीनदारांचे एकमत न होणे हे त्याचे कारण सामान्यतः दिले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टे एकत्र करून त्यांची संख्या कमी करण्यात आली. म्हणजे आजची रचना मध्ययुगातील जशीच्या तशी नव्हे.

वेस्ट, मिल आणि साऊथ या तीन शेतांत हिवाळी गहू, वसंतातील पेरणी आणि पड असा तीन वर्षांचा फेर चालतो. नोव्हेंबरअखेर न्यायालयाने नेमलेले पंच गव्हाच्या शेतात फिरून हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि वाटेवर किंवा ‘साइक’ नावाच्या गवताळ पट्ट्यावर कोणी नांगर घातला का, हे पाहतात. आपल्याकडे ज्याला बांध कोरणे म्हणतात तोच हा गुन्हा. मात्र येथे पट्ट्यांमध्ये बांधच नसतो. आठवड्याने डव्हकोट इन या खाणावळीत न्यायालय भरते व दंड ठरतो. भटक्या जनावरांसाठी गावात कोंडवाडा आहे.

मॅनर 1952 मध्ये अर्ल मॅनव्हर्सकडून कृषी मंत्रालयाने विकत घेतला, 1981 मध्ये तो क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे) गेला आणि 2020 मध्ये थोर्स्बी इस्टेट या खाजगी जमीनदारीकडे आला.