पाणचक्कीच्या सहलीला येताय? गाडीत बसण्याआधी एवढं वाचा

छत्रपती संभाजीनगरच्या सहलीत आम्ही पाणचक्कीला भरपूर वेळ ठेवतो. बरेच जण कारंजं बघतात, हौदातले मासे बघतात, ‘एवढंच?’ म्हणतात आणि बीबी का मकबऱ्याकडे निघतात. खरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हा कागद.

चक्की हौदाशेजारच्या छोट्या खोलीत आहे. तिला चालवणारं पाणी मात्र शहराबाहेरच्या डोंगरातून, काही किलोमीटर अंतरावरून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं. पंप नाही, मोट नाही. उगम उंचावर आणि नळ बंद, त्यामुळे त्या दाबावरच पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. ही पडती धार आधी बघा, मग खोलीत जा. पाण्याच्या झोतानं खाली पात्यांचं आडवं चाक फिरतं. त्याचा उभा दांडा खालच्या दगडातून वर येऊन वरचा दगड फिरवतो. म्हणजे आपलं जातंच, फक्त खुंट्याला हात नाही. दातेरी चाकांची भानगडही नाही.

बुखाऱ्याकडून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा हा परिसर. इथलं पीठ फकिरांच्या आणि यात्रेकरूंच्या जेवणाला लागे. बांधकामाचं साल प्रत्येक पुस्तकात वेगळं, त्यावरून गाडीत वाद नको. नळांची विद्या मात्र या शहरात त्याआधीची: निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं 17व्या शतकाच्या सुरुवातीलाच नहर-ए-अंबरी हा जमिनीखालचा कालवा खोदून शहराला पाणी दिलं होतं.

हौदाखाली एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत, म्हणून उन्हाळ्यातही आत गारवा. आवारातला वड 600 वर्षांचा आहे असं सांगतात. वयाचं राहू द्या, सावली झकास आहे.

पावसाळा संपता संपता या, तेव्हा धार जोरात असते. मे महिन्यात आम्हीच जायला सुचवत नाही.

नाशिकमध्ये द्वारका चौकातून सकाळी सहाला निघतो. निफाड, येवला, वैजापूर असा रस्ता. येवल्यात जाताना फक्त चहा. पैठणीची दुकानं परतीच्या वाटेवर, नाहीतर सहल तिथेच संपते. बीबी का मकबरा पाणचक्कीपासून जवळच आहे, तो त्याच दिवशी होतो. वेरूळ जोडायचं असेल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

राज्य वक्फ मंडळाचं कार्यालयही याच आवारात आहे आणि दर्ग्यात आजही लोक प्रार्थनेला येतात. मोठ्यानं बोलू नका, भिंतींवर नावं कोरू नका, हौदात काही टाकू नका. दर्ग्यात जायचं असेल तर डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी आणा, आणि चटकन काढता येतील अशा चपला घाला.