अन्यायाची गोष्ट माणसाला कुठे नेते?

घरातला माणूस गोळीला बळी पडला की घरचा तरुण बंदूक उचलतो, हे समीकरण आपण सहज मान्य करतो. क्लार्क मॅकॉली आणि सोफिया मोस्कालेन्को या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली कट्टरतेकडे नेणाऱ्या वाटा मांडल्या. त्यात स्वतःवरचा अन्याय आणि आपल्या गटावरचा अन्याय या वाटा वेगळ्या आहेत. नुसत्या वैयक्तिक दुखण्यातून सहसा राजकीय हिंसा घडत नाही. ‘माझ्यावर’चं ‘आमच्यावर’ व्हावं लागतं.

३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत ते झालं. विनाखटला स्थानबद्धतेच्या विरोधातल्या मोर्चावर ब्रिटिश पॅराट्रूपर्सनी गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी गेले, चौदावा काही महिन्यांनी. गोळी लागलेल्या पोराला उचलून नेणाऱ्यांच्या पुढे फादर एडवर्ड डेली वाकून, रक्ताळलेला पांढरा रुमाल हलवत चालले होते. ते चित्रण जगाने पाहिलं. आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेकडे तरुणांची रीघ लागली. एप्रिलमध्ये गोळीबाराची चौकशी करणारे ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड विजरी यांचा अहवाल आला. सैनिकांना जवळपास क्लीन चिट, आणि उलट मेलेल्यांपैकीच काहींवर शस्त्रं हाताळल्याचा संशय! मला हा अहवाल गोळीबाराइतकाच घातक वाटतो. मरणाचं दुःख घरापुरतं राहू शकतं, मेलेल्यावर आलेलं बालंट मात्र सगळ्या वस्तीला झोंबतं. मेलेल्यांपैकी कुणापासूनच धोका नव्हता, हे सरकारी चौकशीत मान्य व्हायला २०१० उजाडलं.

अन्याय नुसता आठवला तरी माणूस बदलतो. एमिली झिटेक आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या प्रयोगात काहींना आपल्यावर अन्याय झाल्याचा प्रसंग लिहायला सांगितला, काहींना कंटाळा आल्याचा. पहिल्या गटातले लोक नंतर मदतीला कमी तयार झाले. आपण आधीच सोसलंय, आता जगाने आपल्याला द्यावं, असा हिशेब मनात सुरू होतो.

पण तो अटळ नाही. ८ नोव्हेंबर १९८७ ला उत्तर आयर्लंडमधल्याच एनिस्किलन गावात आयआरएच्या बॉम्बने अकरा जण मेले. कापड दुकानदार गॉर्डन विल्सन ढिगाऱ्याखाली मुलीचा हात धरून पडले होते. ती गेली. त्याच संध्याकाळी ते बीबीसीला म्हणाले, मनात आकस नाही. गावातल्या सगळ्याच कुटुंबांना हे पटलं नाही, आणि का पटावं? मात्र विल्सन यांचं दुःख बदल्याच्या कामी लावणं आता कुणालाही सोपं राहिलं नाही.

१९९३ मध्ये ते स्वतः आयआरएच्या लोकांना भेटले, हिंसा थांबवा म्हणाले, आणि हात हलवत परतले.