कफाचा खोकला आणि सिरप: बाटली नेताना आणि घेताना

औषधाच्या दुकानात काउंटरवर ‘खोकल्याचं एक सिरप द्या’ म्हटलंत की आम्ही आधी विचारतो, कोरडा की कफाचा? आणि कोणासाठी? हे प्रश्न उगाच नसतात. या दोन खोकल्यांची औषधं एकमेकांच्या उलट काम करतात, आणि चुकीची बाटली घरी गेली तर दुखणं लांबतं.

कोरड्या खोकल्यात घसा खवखवतो, ढास लागते आणि बाहेर काहीच पडत नाही. कफाच्या खोकल्यात छाती भरल्यासारखी वाटते, श्वासाबरोबर घरघर ऐकू येते, सकाळी उठल्यावर बेडके पडतात. हा खोकला दाबायचा नसतो. कफ बाहेर काढायचा शरीराकडे तोच रस्ता आहे. आपण कफ पातळ करून त्याला हातभार लावायचा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीन असलेली औषधं मेंदूकडून येणारी खोकल्याची उबळच दाबतात. छातीत कफ असताना ती घेतली तर रात्र शांत जाते, पण कफ आत साचत राहतो. दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे फार महागात पडू शकतं.

लेबलवर काय वाचायचं

ब्रँडचं नाव बाजूला ठेवा. ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये’ या शब्दांखाली जी यादी असते ती वाचा. अक्षर बारीक असतं. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा.

ग्वायफेनेसिन श्वासनलिकेतला स्राव वाढवून कफ सैल करतं. ब्रोमहेक्सिन आणि ॲम्ब्रॉक्सॉल कफाचा चिकटपणा कमी करतात. यातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचंच ॲम्ब्रॉक्सॉल तयार होतं. म्हणजे डॉक्टरांनी ॲम्ब्रॉक्सॉलची गोळी दिलेली असताना घरातलं ब्रोमहेक्सिनचं जुनं सिरपही सुरू केलं, तर एकच औषध दोनदा घेतल्यासारखं होतं.

टर्ब्युटालिन, साल्ब्युटामॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल ही नावं दिसली तर ती कफ पातळ करणारी औषधं नाहीत. ती आकसलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतात. घरघर किंवा दमा असेल तर त्यांचा उपयोग आहे. नसेल तर हात थरथरणं आणि छातीत धडधडणं एवढंच पदरात पडतं.

क्लोरफेनिरामिन (यादीत बरेचदा सीपीएम म्हणून येतं) आणि डायफेनहायड्रामिन ही वाहत्या नाकाची औषधं. त्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं आणि कफ घट्ट होतो. छातीत चिकट कफ असलेल्याला ती नकोतच. काही सिरपांत कफ सुटा करणारं आणि खोकला दाबणारं औषध एकत्र असतं. एक ओढतंय आणि दुसरं धरून ठेवतंय, अशी गत. अशी बाटली कोणी सुचवली तर ‘यातलं नेमकं मला कशासाठी?’ असं जरूर विचारा. आम्हालाही विचारा.

आता नावाच्या शेपटाबद्दल. एकाच ब्रँडच्या पाच-पाच बाटल्या बाजारात असतात आणि फरक फक्त शेवटच्या अक्षरांत असतो. ‘एलएस’ असेल तर बहुधा लेव्होसाल्ब्युटामॉल, ‘डी’ किंवा ‘डीएक्स’ असेल तर बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन, म्हणजे कोरड्या खोकल्याचं. ‘एसएफ’ म्हणजे साखर नसलेलं. ‘बहुधा’ यासाठी की अक्षरांना कुठलाही नियम नाही. प्रत्येक कंपनीची आपली रीत. म्हणून ‘मागच्या वेळचंच द्या’ म्हणताना रिकामी बाटली किंवा तिचा फोटो दाखवा. खोका लाल रंगाचा होता, एवढ्या खुणेवर औषध देता येत नाही.

माप

स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. घरोघरचे चमचे सारखे नसतात. ज्याला आपण चहाचा चमचा म्हणतो त्यात कुठे अडीच मिली मावतं, कुठे सात. बाटलीबरोबर आलेलं खुणांचं झाकण सपाट जागी ठेवा, डोळा त्याच्या पातळीवर आणा आणि मग ओता. हातात उंच धरून ओतलं की माप चुकतंच. ‘दोन झाकणं’ हेही माप नव्हे, कारण झाकण कुठे ५ मिलीचं असतं, कुठे १० मिलीचं.

नेहमी खपणाऱ्या एका मिश्रणाचं उदाहरण घ्या: ५ मिलीमध्ये टर्ब्युटालिन १.२५ मिग्रॅ, ब्रोमहेक्सिन ४ मिग्रॅ, ग्वायफेनेसिन ५० मिग्रॅ. मोठ्या माणसाला १० मिली दिवसातून तीनदा, असं डॉक्टर साधारणपणे लिहितात. त्यातून एका वेळी ग्वायफेनेसिन १०० मिग्रॅ जातं. ते एकटं दिलं तर मोठ्यांचा डोस २०० ते ४०० मिग्रॅ असतो, हे इंटरनेटवर वाचून काही जण सिरप दुप्पट ओततात. पण त्याबरोबर टर्ब्युटालिनही दुप्पट होतं आणि नाडी धावायला लागते. मिश्रणातलं एकच औषध वाढवता येत नाही, हे लक्षात असू द्या.

एखादा डोस राहून गेला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, राहिलेला सोडून द्या. बाटलीला तोंड लावून पिऊ नका. पोटात जळजळ होत असेल तर जेवणानंतर घ्या. रात्रीचा डोस झोपायच्या तोंडावर न घेता दोन-तीन तास आधी घेतला, तर सुटलेला कफ जागेपणीच निघून जातो. ‘हलवून घ्या’ असं छापलेलं असेल तर खरंच हलवा. गाळ खाली बसला तर पहिले डोस फिके आणि शेवटचे कडक होतात.

आम्हाला आधी सांगा

उच्च रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड जास्त असणं, मधुमेह, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, पोटातला अल्सर, फिट येणं, गरोदरपण, अंगावर पाजणं. यातलं काही असेल तर बाटली हातात घेण्याआधी सांगा.

प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या फिनाइलएफ्रिनने रक्तदाब चढतो. टर्ब्युटालिनने ठोके आणि साखर दोन्ही वाढू शकतात. सीपीएममुळे प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. ॲम्ब्रॉक्सॉल आणि ब्रोमहेक्सिन अल्सर असलेल्यांनी जपून घ्यायची औषधं आहेत. ही दोन घेताना अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले तर सिरप तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. असं क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असू शकतं.

मधुमेह असलेल्यांनी साखरेचा हिशेब धरावा. साध्या सिरपात ५ मिलीला दोन-तीन ग्रॅम साखर सहज असते. १० मिली तीनदा म्हणजे दिवसाला तीन-चार चमचे साखर झाली. साखर नसलेल्या सिरपात बरेचदा सॉर्बिटॉल असतं, त्याने काहींना जुलाब होतात.

दम्याचा पंप किंवा नेब्युलायझर चालू असेल तर त्यात साल्ब्युटामॉल असू शकतं. सिरपातही त्याच जातीचं औषध असेल तर डोसावर डोस होतो. प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत उलटा पेच होतो, ती गोळी आणि सिरपातलं हे औषध एकमेकांना छेद देतात. नैराश्यावरच्या गोळ्या आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन हेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकत्र नको. आणि रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल ही रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर कोरडा खोकला लागला असेल, तर तो गोळीचा असू शकतो. त्यावर सिरपच्या बाटल्या संपवण्यात अर्थ नाही.

सीपीएम किंवा डायफेनहायड्रामिन घेऊन गाडी चालवू नका. दारूबरोबर तर मुळीच नको.

लहान मुलं

इथे आम्ही कडक आहोत, आणि त्याबद्दल कोणी रागावलं तरी चालेल. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. सीपीएम आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश त्याआधीच, डिसेंबर २०२३ मध्ये निघाला होता. कोडीन बारा वर्षांखाली नाहीच. मुलांचा बहुतेक खोकला विषाणूचा असतो आणि तो आपोआप ओसरतो.

डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ‘ड्रॉप्स’ आणि ‘सिरप’ यांची गफलत करू नका. ॲम्ब्रॉक्सॉलच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीला ७.५ मिग्रॅ औषध असतं. ५ मिलीला १५ मिग्रॅवाल्या साध्या सिरपात १ मिलीला ३ मिग्रॅ. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर बाळाच्या पोटात अडीचपट औषध जातं. मापायला बिनसुईची सिरिंज घ्या आणि औषध गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडा. घशात पिचकारी मारली की ठसका लागतो. मोठ्या भावंडाचं उरलेलं सिरप ‘अर्धं करून’ धाकट्याला देणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध चालतो. एक वर्षाखाली मध अजिबात नको, बोट बुडवून चाटवायलाही नको. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. कापराचंही तसंच. ओवा-कापराची पुरचुंडी आजी प्रेमाने बांधते, पण कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. पुरचुंडी ओव्याचीच करा. गरम पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाकवून वाफ देऊ नका, भाजण्याचा धोका मोठा आहे.

मूल शांत असताना पोटाची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल अंगावर पीत नसेल, तर आमच्याकडे न येता थेट दवाखान्यात न्या.

बॅच नंबर आणि बिल

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात ‘कोल्ड्रिफ’ सिरप घेतलेली वीसहून अधिक मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. तमिळनाडूच्या सरकारी तपासणीत एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. चालण्यासारखी मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचचा वापर थांबवायला सांगितलं होतं. मुंबईकरांना हे विष नवं नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण गेले आणि चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला, तेही याच रसायनामुळे.

सिरपात औषध विरघळवायला प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. तिथे औषधी दर्जाऐवजी कारखान्यात वापरायचा माल आला किंवा त्याची तपासणी टाळली, की ही भेसळ आत शिरते. ती रंगावरून, वासावरून कळत नाही आणि चवीला गोडच लागते. घरी ओळखायचा कुठलाही उपाय नाही, दुकानात आम्हालाही नाही. हातात उरतो तो कागद: बिल घ्या, त्यावरचा बॅच नंबर बाटलीशी जुळवा आणि औषध संपून पंधरा दिवस होईपर्यंत दोन्ही ठेवा. एखादी बॅच परत मागवली गेली तर बिलावरूनच तुमच्यापर्यंत पोहोचता येतं.

सिरप सुरू असताना मुलाला उलट्या लागल्या, पोट दुखू लागलं, ते सुस्त पडलं किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर औषध थांबवा आणि बाटलीसकट रुग्णालयात जा. बाटली फेकू नका, ती तपासणीला लागते. तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे.

सिरपशिवाय, आणि सिरपच्या पलीकडे

आम्ही सिरप विकतो, तरी सांगतो: साध्या सर्दीनंतरच्या कफाच्या खोकल्यात सिरपने पडणारा फरक मर्यादित असतो. कोमट पाणी, पातळ सूप, मोठ्यांना वाफ, उशाशी एक जादा उशी आणि विडी-सिगारेट बंद, हे बरोबर नसेल तर बाटलीवर खर्च करून फारसं काही मिळत नाही. असा खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. बेडका पिवळा किंवा हिरवा झाला एवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही, आणि पाकिटावर लाल रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही देणार नाही.

मात्र दोन आठवडे खोकला थांबला नाही, संध्याकाळी ताप येतोय, वजन उतरतंय, तर थुंकीची क्षयरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. बेडक्यात रक्त दिसलं, श्वास घेताना छातीत दुखलं किंवा बोलताना धाप लागली तर दोन आठवडेही थांबू नका.

बाटली फोडली त्या दिवसाची तारीख पेनाने लेबलवर लिहा. लेबलवर सांगितलेलं नसेल तर फ्रिजमध्ये ठेवू नका. उन्हापासून आणि शेगडीपासून लांब, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा. झाकण दर वेळी धुऊन, पुसून लावा. बाटलीच्या गळ्याशी साखर जमली तर ती पुसून काढा, आत ढकलू नका. रंग बदलला, गढूळपणा आला किंवा वास फिरला तर मुदत बाकी असली तरी टाकून द्या. आजार बरा झाल्यावर उरलेलं सिरप पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवू नका आणि कामवाल्या मावशींच्या मुलाला तर देऊच नका. उरलेलं औषध चहाच्या चोथ्यात ओतून पिशवीत बांधा आणि कचऱ्यात टाका. बाटलीवरचं लेबल फाडून टाका, म्हणजे ती कोणी पुन्हा भरून विकणार नाही.