सातही घरं एकानेच फोडली कशावरून?

चोर-पोलिसांच्या मालिकांमध्ये एक प्रसंग हमखास असतो. मुंबईत एकामागून एक घरफोड्या होत असतात, चोर हाती लागत नसतो, आणि सातव्या घरातल्या कपाटावर बोटाचा ठसा सापडतो. संगणकाच्या पडद्यावर चेहरे भराभर सरकतात, एक थांबतो, आणि पथक गाडीत बसून निघतं. मला या मालिका मनापासून आवडतात. पण पहिल्या घरातला आणि सातव्या घरातला चोर एकच आहे हे कशावरून, असं त्यांत सहसा कुणी विचारत नाही.

प्रत्यक्ष तपासात हाच प्रश्न आधी येतो. एकट्या घरफोडीत पुरावा फार थोडा असतो. घरात कुणी नव्हतं म्हणूनच ते घर निवडलेलं, त्यामुळे साक्षीदार नाही. एका ठिकाणी अर्धवट ठसा, दुसरीकडे बुटाच्या तळाची अर्धी खूण. हे तुकडे एकाच माणसाचे आहेत असं दाखवता आलं, तरच तपास पुढे सरकतो.

पंचनाम्यात ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द नेहमी येतात. शब्द सगळीकडे तेच, पण वापरलेल्या प्रत्येक कटावणीच्या टोकाला घासून, आपटून तिच्या स्वतःच्या बारीक खाचा पडलेल्या असतात. त्या चौकटीच्या रंगात किंवा ॲल्युमिनियमवर ओरखड्यांच्या रूपात उमटतात. ओरखड्यांचा सिलिकॉनचा साचा घेऊन दोन घरांमधल्या खुणा तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवल्या, की रेषेला रेष लागते का ते दिसतं. हत्यार वापरात राहिलं तर त्याच्या खाचाही बदलत जातात, म्हणून ते लवकर हाती लागणं महत्त्वाचं.

चोरीची जागा आणि वेळ हासुद्धा पुरावाच. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना असं आढळलं की एक घर फुटलं की आसपासच्या काहीशे मीटरमधल्या घरांचा धोका पुढचे काही आठवडे वाढतो. चोराला तिथले रस्ते, कुलपं आणि माणसांच्या वेळा माहीत झालेल्या असतात, त्यामुळे तो पुन्हा तिकडेच वळतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या पोलीस दलातले किम रोस्मो यांनी १९९०च्या दशकात अशा जागांवरून गुन्हेगाराच्या राहण्याच्या ठिकाणाचा अंदाज बांधणारं गणित मांडलं. माणूस स्वतःच्या दाराजवळ सहसा चोरी करत नाही आणि फार लांबही जात नाही, हा त्याचा पाया. मुंबईत मात्र ‘लांब’ म्हणजे किती, हे किलोमीटरवर ठरत नाही. विरारहून निघालेल्याला स्टेशनला लागून असलेली अंधेरीतली गल्ली जवळची, आणि दोन रिक्षा बदलून जावं लागतं ते ठिकाण दूर. त्यात गणपतीला कोकणात गेलेल्यांची बंद घरं. इथला नकाशा रेल्वे आणि सणांच्या हिशेबानेच वाचायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता ठसा. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं केंद्र १८९७ मध्ये कोलकात्यात उघडलं. श्रेय बंगालचे तेव्हाचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांना मिळालं, पण वर्गीकरणाचं गणित बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी दहा बोटांच्या नक्ष्यांवरून ठशांचे १,०२४ गट पाडले. हीच पद्धत १९०१ मध्ये लंडनला गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या डेन्मार्क हिल भागातल्या एका घरातून बिलियर्डचे चेंडू चोरीला गेले आणि खिडकीच्या ताज्या रंगावर चोराचा अंगठा उमटलेला सापडला. त्यावरून हॅरी जॅक्सनला सात वर्षांची शिक्षा झाली. ठशावरून झालेली ब्रिटनमधली ही सुरुवातीची महत्त्वाची शिक्षा होती, आणि तो खटला घरफोडीचाच होता.

रंगात उमटलेला ठसा डोळ्यांना दिसतो, एरवी तो दिसत नाही. तळव्यांवर फक्त घामाच्या ग्रंथी असतात, तेलाच्या नसतात. घाम जवळजवळ सगळा पाणीच, त्यात थोडे क्षार आणि अमिनो आम्लं. कागदावरचा ठसा निनहायड्रिन या रसायनाने जांभळा होतो तो या अमिनो आम्लांमुळे. पण कागद भिजला की ती विरघळून जातात. जुलैमध्ये खिडकीतून पाऊस आत आला असेल, तर टेबलावरच्या कागदांकडून फारशी आशा नसते.

ग्रिलच्या रंगवलेल्या गजांवर आणि काचेवर मात्र आशा असते. चोराने कपाळ पुसलं असेल, केसांवरून हात फिरवला असेल, तर बोटांना तेलकटपणा लागतो, आणि तेल पाण्याने सहजी जात नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पूड साबणासारख्या द्रावणात मिसळून ओल्या पृष्ठभागावर फवारतात. ती त्या स्निग्ध रेषांना चिकटते आणि ठसा दिसू लागतो. दमटपणा नेहमीच वैरी असतो असंही नाही. सुपरग्लूच्या वाफेने ठसा पांढरा उठवायचा तर पेटीतली हवा मुद्दाम सुमारे ८० टक्के दमट करावी लागते. आपल्या पावसाळ्यात बाहेरची हवाच तेवढी दमट असते!

ठसा मिळाला तरी तो कुणाचा, हे शोधणं अवघड. जुनी पद्धत दहाही बोटं मागायची, आणि चोर तर एकच अर्धं बोट ठेवून जातो. संगणक आल्यावर एकट्या ठशाचा शोध खऱ्या अर्थाने शक्य झाला, आणि २०२२ मध्ये ‘नॅफिस’ ही प्रणाली आल्यापासून देशभरातल्या राज्यांचे ठसे एकाच ठिकाणी तपासता येतात. तरीही संगणक एकच नाव देत नाही. तो मिळत्याजुळत्या ठशांची यादी देतो आणि शेवटचा निर्णय ठसेतज्ज्ञाचा असतो. साठा जेवढा मोठा, तेवढे एकमेकांसारखे दिसणारे ठसेही त्यात जास्त. २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने असाच यादीतला एक ठसा तिथल्या ओरेगन राज्यातल्या एका वकिलाचा ठरवला. त्याला सुमारे दोन आठवडे कोठडीत राहावं लागलं. मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. मालिकांनी पडद्यावर एकच चेहरा थांबवणं मला खटकतं ते यामुळेच. सात घरांतले ओरखडे, बुटाच्या खुणा, जागा आणि वेळा यांची साथ असेल, तर एका ठशावर सगळा भार पडत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. चोरीसाठी केलेली घरफोडी या नियमात बसते. म्हणून गावाहून परतल्यावर कोयंडा तुटलेला दिसला, तर आत न जाता १०० किंवा ११२ वर फोन करावा. खिडकीजवळची ओल पुसू नये, काच गोळा करू नये, तुटलेल्या चौकटीत पान्हा घालून पाहू नये. चोराची एखादी ओली वस्तू मागे राहिली असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत भरू नये. कोंडलेल्या ओलाव्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि त्यावरचा डीएनए खराब होतो. तज्ज्ञ अशी वस्तू वाळवून कागदी पाकिटात ठेवतात. तोवर ती आहे तिथेच पडू द्यावी.