नाण्यावरचा एडका आणि बेथलेहेमचा तारा

ख्रिसमसला घराघरावर कागदी चांदण्या लटकतात ना, त्या बेथलेहेमच्या ताऱ्याच्या, म्हणजे येशूच्या जन्माच्या वेळी दिसला असं बायबल सांगतं त्या ताऱ्याच्या. आता हा तारा नेमका कुठला यावर लोक शेकडो वर्षं डोकं खाजवतायत, पण मला त्यातली सगळ्यात भारी वाटणारी थिअरी दुर्बिणीतून नाही, एका तांबड्या-काळपट नाण्यातून निघाली.

नाणं अँटिओकच्या टाकसाळीतलं, म्हणजे आत्ताच्या तुर्कस्तानातलं अंताक्या, तेव्हाची रोमन सीरियाची राजधानी. एका बाजूला ग्रीक देव झ्यूसचं डोकं, दुसऱ्या बाजूला उडी मारणारा एडका, आणि तो मान वळवून मागे बघतोय, वर एक तारा. एडका म्हणजे मेष रास, हे आपल्याला सांगायला नको.

मायकेल मोल्नार नावाचे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ, त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद. 1990च्या दशकात त्यांना प्रश्न पडला की मेषच का? उत्तर त्यांना टॉलेमीच्या ज्योतिषाच्या ग्रंथात सापडलं. दुसऱ्या शतकातल्या या माणसाने अख्खी दुनिया राशींमध्ये वाटून टाकली होती आणि ज्यूंचा देश, म्हणजे यहुदिया, मेषेत टाकला होता. इ.स. 6 मध्ये रोमने यहुदिया सीरियाच्या गव्हर्नरच्या कारभाराला जोडला आणि त्यानंतर काही वर्षांतच अशी नाणी निघाली. मोल्नार म्हणाले, हे तर "यहुदिया आता आमच्याकडे" असं सांगणारं नाणं!

मग त्यांनी गणित मांडलं. इ.स.पू. 6, 17 एप्रिल, गुरू मेषेत, नुकताच सूर्याच्या तेजातून बाहेर पडून पहाटे पूर्वेला उगवायला लागलेला, आणि त्याच दिवशी चंद्राने गुरूला झाकलं, म्हणजे पिधान झालं. त्या काळच्या ग्रीक ज्योतिषात गुरू हा राजयोगाचा ग्रह, म्हणून यहुदियात राजा जन्मला. गंमत म्हणजे हे पिधान दिवसाउजेडी झालं, डोळ्यांना दिसणारच नव्हतं. पण ज्योतिषाला आकाशाकडे बघायची गरज कुठे असते, त्याच्याकडे कोष्टकं असतात. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात तारा बघून येतात ते पूर्वेचे मागी, म्हणजे जाणकार लोक, आणि यहुदियाच्या हेरोद राजाला मात्र त्यांनाच विचारावं लागतं की तारा कधी दिसला, हे या थिअरीत फिट बसतं खरं.

जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने त्याआधीच, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, इ.स.पू. 7 मधली गुरू-शनी युती शोधून काढली होती, ती मीन राशीत. तिचेही चाहते बरेच आहेत.

मला स्वतःला मोल्नारांचं सगळं पटत नाही. टॉलेमीच्या यादीत मेषेखाली ब्रिटन, गॉल (म्हणजे साधारण आजचा फ्रान्स) आणि जर्मनीही आहेत, मग राजा तिकडे का नाही जन्मला? शिवाय तो एडका यहुदियाचा नसून खुद्द अँटिओकचाच असेल असंही काही जण म्हणतात.

पण नाण्यावर रास छापणं हा तेव्हाचा सरळसरळ राजकीय प्रचार होता यात शंका नाही. सम्राट ऑगस्टसचंच बघा. रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो की थिओजेनिस या ज्योतिषाने त्याची पत्रिका पाहिली आणि उठून थेट पायच धरले, त्यानंतर ऑगस्टसने स्वतःची पत्रिका जगजाहीर केली आणि मकर राशीचं चांदीचं नाणं पाडलं. आता त्याचा जन्म 23 सप्टेंबरचा, सूर्य तुळेत, मग मकर कुठून आली म्हणून युरोपातले पंडित गोंधळात. आपल्याकडच्या कुणालाही विचारा, तो म्हणेल अहो चंद्र कुठे होता ते बघा. चंद्र मकरेतच होता! (जन्माचा नाही, गर्भधारणेचा महिना मोजून मकर काढणारेही आहेत म्हणा.)

आणि अँटिओक हे गाव साधं नाही. येशूच्या शिष्यांना "ख्रिस्ती" हे नाव पहिल्यांदा इथेच पडलं असं बायबल सांगतं, मत्तयचं शुभवर्तमानही इथेच लिहिलं गेलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हणजे एडक्याचं नाणं आणि ताऱ्याची गोष्ट कदाचित एकाच बाजारात फिरत होती. इथलाच बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला एका पत्रात लिहितो की तो तारा सगळ्या ताऱ्यांहून तेजस्वी होता, सूर्य-चंद्रासकट बाकीचे त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले आणि सगळी जादू तिथेच विरघळून गेली. ताऱ्याचा मान ठेवला, ज्योतिषाचं दुकान मात्र बंद केलं.